संगमावरची पत्र्याची नाव

नगरहून संभाजीनगरला जाणारा माणूस प्रवरासंगम बघतो तो एसटीच्या खिडकीतून. गोदावरीचा लांबलचक पूल लागतो, कुणी हात जोडतं, कुणी नाणं पाण्यात टाकतं, आणि गाव मागं पडतं. मीही जन्मभर ते असंच पाहिलं होतं. गेल्या वर्षात मात्र मी सगळ्या ऋतूंत तिथं जाऊन राहिलो. लोक सुट्टीत मनालीला गेल्याचं सांगतात, मी प्रवरासंगमाचं नाव सांगतो, आणि समोरच्याचा चेहरा एकदम पडतो. आमच्या घरात कुणीतरी गेलं असावं असं त्याला वाटतं, कारण बहुतेक लोक त्या घाटावर जातात ते अस्थी सोडायला आणि दहाव्याला. मी गेलो होतो पूर बघायला.

मी साळवे. नागापूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात माझी सगळी नोकरी झाली. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. गेल्या आषाढात निवृत्त झालो. माझी बायको शालिनी नर्स होती, ती माझ्या आधीच घरी बसलेली. पहिल्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, नळ, खुर्च्या दुरुस्त करून टाकल्या. चांगल्या चाललेल्या पंख्याला हात घातला तेव्हा शालिनी म्हणाली, "आता बाहेर काहीतरी मोडलेलं शोधा." दुसऱ्या दिवशी बातम्यांत गोदावरीला पूर आल्याचं दाखवलं आणि मी मोटारसायकल काढली.

पावसाळा

पांढरीच्या पुलापाशी चहा घेतला, घोडेगाव सोडलं, नेवासा फाट्याच्या पुढं हवा बदलली. पाऊस नव्हता, पण वाऱ्याला चिखलाचा वास येत होता. गावात गाडी लावून घाटाकडं चालत गेलो. अर्ध्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

मी धरणं पाहिलीत, कालवे पाहिलेत, पण इतकं पाणी एका जागी हलताना कधी पाहिलं नव्हतं. नाशिककडं पाऊस झाला की गोदावरी फुगते, भंडारदऱ्याकडून प्रवरा येते, आणि खाली जायकवाडीचं धरण भरत आलं असेल तर दोघींना पुढं सरकायला जागा राहत नाही. मग त्या इथंच फुगतात. एकीचं पाणी तांबूस, दुसरीचं राखाडी. मधोमध बरंच अंतर ती दोन्ही पाणी शेजारीशेजारी वाहतात आणि मग कुठंतरी एकमेकांत वळून जातात. त्या वळणावर अख्खं झाड गरगर फिरत होतं. मी लहान पोरासारखा कठड्याला चिकटून बघत राहिलो.

तेवढ्यात खालच्या अंगाला आरडाओरडा ऐकू आला. घाटापासून थोडं पुढं, बाभळीला बांधलेली एक लाकडी नाव पाण्यात उसळत होती. चार-पाच माणसं तिचा दोर धरून तिला काठाकडं ओढत होती, आणि सगळ्यांत पुढं गुडघाभर पाण्यात एक पन्नाशीची बाई उभी होती. तिनं मागं न बघताच हाक दिली, "बघत काय उभं ऱ्हायलाय, दोराला हात लावा की."

ते मलाच होतं. मी चपला काढल्या आणि दोर धरला. ओला काथ्याचा दोर, हाताची सालं निघत होती. नाव हळूहळू आत येत होती. मला वाटलं, आणली आपण. इतक्यात वरून एक ओंडका आला आणि नावेच्या कुशीत बसला. आवाज फार मोठा झाला नाही. जुनं कपाट उघडताना होतो तेवढाच. दोर एकदम हलका झाला आणि आम्ही सगळे चिखलात मागं पडलो. उठून बघतो तर नावेचा पुढचा भाग दोराला होता आणि बाकीची नाव जायकवाडीच्या वाटेला लागली होती.

बाईनं दोर गोळा करायला सुरुवात केली, कोपरावर गुंडाळत, एकेक वेढा नीट. माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "चला घरी. हळद लावते."

तिचं नाव गयाबाई. नदीत मासे धरणाऱ्या भोयांच्या घरातली. काठावर उंचवट्याला तिचं पत्र्याचं घर आहे. दारात तिचा नवरा रंगनाथ जाळं विणत बसला होता. त्याला नाव गेल्याचं आधीच कळलं होतं. तो बोलायला लागला की दोन-तीन शब्दांनंतर दम घ्यायला थांबायचा. छातीत घरघर ऐकू यायची. पुरात त्याला काठावर जाता येत नव्हतं, म्हणून सगळा भार गयाबाईवर.

गयाबाईनं माझ्या तळहातांना हळद लावली आणि कोरा चहा दिला. रंगनाथ म्हणाला, "एका अर्थी... बरंच झालं. संतोष कवाचा... बोलावतोय." संतोष हा त्यांचा मुलगा, चाकणला एका कारखान्यात कामाला. तिथं खोली आहे, जवळ दवाखाना आहे, आणि अक्षय्य तृतीयेला तो या दोघांना न्यायला येणार होता. "आखितीला येतो... गाडी घेऊन. सामान भरायचं... आन जायाचं."

"मी न्हाई म्हनलंय," गयाबाई म्हणाली.

"नाव हुती तवर... म्हनलीस. आता काय धरून बसतीस?"

गयाबाई चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. मला त्या घरात बसून तास झाला नव्हता, आणि तरी मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नाव मी करून देतो."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. गयाबाई म्हणाली, "तुमी सुतार हाय का?"

"नाही. पत्र्याचं काम करतो."

"पत्र्याची नाव?"

"जहाजं पत्र्याचीच असतात."

"तुमी जहाज बघितलंय?"

"नाही," मी म्हणालो.

रंगनाथ हसला, हसताना त्याला खोकल्याची उबळ आली, आणि गयाबाईही पदर तोंडाला लावून हसली. पण निघताना ती गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, "भाऊ, खरंच करताल का? का उगं बोलायचं म्हनून बोलला?" मी खरंच करीन म्हणालो. परतीच्या वाटेवर मला हँडल धरवत नव्हतं, हात भाजल्यासारखे दुखत होते, आणि मी गाणं म्हणत होतो.

दसऱ्यानंतर

शालिनीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी विचारल्या. नाव कशी करतात ते तुम्हाला ठाऊक आहे का, आणि त्या माणसाचा दम कधीपासूनचा आहे. पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आली.

आम्ही गेलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. तीच नदी, पण ओळखू येत नव्हती. पाणी निवळून हिरवट झालेलं, काठानं कापूस फुटलेला, वाटेवर दोन्हीकडं झेंडूचे वाफे उरलेसुरले पिवळे. सकाळचं ऊन इतकं स्वच्छ होतं, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या साड्यांचे रंग मोजून घ्यावेत. आधी आम्ही शेजारच्या टोका गावातलं सिद्धेश्वराचं देऊळ बघितलं. आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्या देवळात भिंती साध्या आणि बाकडी सरळ रेषेत. इथं काळ्या दगडाचा एक हातभर तुकडा कोरल्याशिवाय सोडलेला नाही. वेली, हत्ती, नाचणाऱ्या बाया. मी एका खांबाच्या सांध्यावर बोट फिरवलं. सांधा हाताला लागत नव्हता. वेल्डिंगशिवाय असा जोड बघून मला आतून उचंबळून आलं. शालिनीला खेचून आणून तो दाखवला, तर ती म्हणाली, "तुम्ही देव बघायला आलात का जोड बघायला?" मला वाटतं, ज्यानं तो सांधा बसवला त्याच्या लेखी दोन्ही एकच असावं.

गयाबाईनं मापं घेण्यासाठी तिच्या जावेची नाव एका दिवसापुरती मागून ठेवली होती. मी टेप लावून लांबी, रुंदी, उंची, टोकाचा उतार असं सगळं टिपलं. मग ती म्हणाली, "नुसतं मोजून काय कळतंय? बसा." आम्ही दोघं जन्मात पहिल्यांदा नावेत बसलो. शालिनीनं दोन्ही हातांनी फळी धरली होती. गयाबाई मागं बसून एका वल्ह्यानं नाव चालवत होती, इतकी सहज, की बोलता बोलता वल्हं मांडीवर टाकून ती सुपारीही कातरायची. मधोमध, जिथं दोन्ही पाणी भेटतात, तिथं तिनं नाव थांबवली.

"वैनी, एक हात इकडं घाला, एक तिकडं."

शालिनीनं भीत भीत फळी सोडली आणि दोन्ही बाजूंनी हात पाण्यात घातले. तिचा चेहरा बदलला. "अहो, हे गार आहे आणि हे कोमट," ती म्हणाली. मग मीही घातले. एकीकडं खोल पाण्याचा गारवा, दुसरीकडं पसरट पात्रातून तापत आलेलं पाणी, मध्ये आमची नाव. आम्ही दोघं साठीची माणसं किती तरी वेळ तसेच हात बुडवून बसलो आणि गयाबाई कौतुकानं आमच्याकडं बघत राहिली.

दुपारी जेवायला चिलापी माशाचं कालवण होतं. आमच्याकडं रविवारी देवळातून आल्यावर मासे होतात, ते तळलेले, नाहीतर खोबरं वाटून. गयाबाईच्या कालवणात खोबरं नाही. चिंच, लसूण आणि घरचं काळं तिखट, रस्सा पातळ, वर तेलाचा तवंग. बाजरीची भाकरी कुस्करून त्यात बुडवायची. मी दुसऱ्या घासाला काटा घशात अडकवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं, शालिनी पाठीत थापट्या मारतेय, रंगनाथ सांगतोय कोरी भाकरी गिळा. भाकरी गिळली, काटा गेला, आणि मी पुन्हा वाटी पुढं केली.

जेवणानंतर शालिनीनं रंगनाथला त्याचं औषध दाखवायला सांगितलं. त्यानं कोनाड्यातून फवाऱ्याचा पंप काढला, तोंडात मारला आणि लगेच श्वास सोडून दिला. पांढरी वाफ तोंडातून बाहेर आली.

"दाजी, रोज असंच घेता?" मी विचारलं. गयाबाई मला भाऊ म्हणायला लागल्यावर तो आपोआप दाजी झाला होता.

"रोज कशाला? दम लागला... की घेतो."

शालिनीनं त्याच्या डॉक्टरांचा कागद वाचला. त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहिलं होतं. तिनं त्याला समोर बसवलं, आधी सगळा श्वास सोडायला लावला, मग पंप दाबताना हळू आत ओढायला, मग तोंड मिटून धरून ठेवायला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा जमलं. मग ती उठली आणि त्याची जाळं विणायची बैठक दारातल्या चुलीशेजारून उचलून बाहेर लिंबाखाली नेऊन टाकली. "इथं बसायचं. धुरात नाही."

"लई कडक बाई हाय," रंगनाथ मला म्हणाला. मी म्हणालो, "मला माहीत आहे."

नाताळानंतर

नाव मी नागापूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये केली. सुट्टीच्या दिवशी मिळालेला जागेचा तुकडा, दोन एमएमचा पत्रा, आतून लोखंडी अँगलचा सांगाडा, आणि लाट आत येऊ नये म्हणून मापापेक्षा वीतभर उंच काठ. ट्रॉल्या, टाक्या, गोदामाची दारं असं सगळं केलेलं, पण रात्री अंथरुणावर पडलो की मला नावच दिसायची. शेडमधली तरुण पोरं चहाच्या वेळी येऊन बघायची आणि आपापली मतं द्यायची. गयाबाई एकदा एसटीनं येऊन बघून गेली. तिनं चारी बाजूंनी फेरी मारली, पत्र्यावर थाप मारली आणि मान डोलावली. लाल रंग लावला, त्यावर निळा.

नाताळ झाल्यावर आम्ही टेम्पोत नाव चढवली आणि मी तिच्यातच बसलो. आयुष्यातला सगळ्यांत मजेचा प्रवास तो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दुहेरी ट्रॉल्या ओढत चाललेले, त्यांचे चालक वळून वळून बघायचे. घोडेगावला टेम्पो थांबला तेव्हा एका म्हाताऱ्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "पावनं, नगराला पूर आला का काय?" मी नाही म्हणालो. "मग बोट घिऊन कुठं निघाला दुष्काळात?" सगळ्या टपरीला सांगावं लागलं. कुणीतरी मला वरच चहा आणून दिला.

शालिनीनं नाताळचा फराळ डब्यातून आणला होता. करंज्या, चकल्या, अनारसे. गयाबाईनं डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "हे तर आमच्या दिवाळीचंच हाय. तुमची दिवाळी उशिरा येती व्हय?"

"पदार्थ तेच, देव वेगळा," शालिनी म्हणाली. गयाबाईला ते पटलं. तिनं अनारसा फोडून रंगनाथला दिला. तो लिंबाखाली बसला होता आणि आम्ही आल्यापासून बोलताना दम घ्यायला एकदाही थांबला नव्हता. माझ्या ते एकदम ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव पाण्यात सोडायची ठरली. धुकं इतकं होतं की नदी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. धुक्यात कुठून तरी बदकांचा कालवा येत होता. रंगनाथनं नारळ फोडला, गयाबाईनं हळदकुंकू वाहिलं, मी मनातल्या मनात माझी प्रार्थना म्हटली. दहा-बारा माणसांनी नाव उचलून पाण्यात ठेवली. ती तरंगली. गयाबाई वल्हं घेऊन चढली, थोडी पुढं जाऊन परत आली. "या भाऊ," ती म्हणाली.

मी पाय ठेवला तशी नाव एका बाजूला कलली. मी घाबरून दुसऱ्या बाजूला झुकलो. नाव माझ्यापेक्षा जास्त झुकली, आणि पुढच्या क्षणी मी पाण्याखाली होतो. पौषातलं पाणी. श्वास आतल्या आत राहिला. गयाबाईनं कॉलर धरून मला वर ओढलं तेव्हा कळलं की पाणी छातीपर्यंतच आहे. माझा चष्मा गेला होता. नाव पाण्यानं भरून बूड टेकून बसली होती, नुसता निळा काठ वर दिसत होता.

काठावर कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. रंगनाथ एवढंच म्हणाला, "झालं. आखितीला गाडी येतीया." आणि घराकडं वळला. गयाबाई ओल्या लुगड्यानं तशीच त्याच्यामागं गेली.

दिवसभर मी त्यांच्या अंगणात घोंगडी लपेटून बसून राहिलो. शेजारच्या शेतकऱ्यानं संध्याकाळी हुरड्याला बोलावलं होतं. नदीकाठच्या ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळून देत होते, बरोबर लसणाची चटणी. एरवी मी त्यावर तुटून पडलो असतो. त्या दिवशी घासच उतरत नव्हता. पत्र्यानं मला आजवर कधी फसवलं नव्हतं. शालिनी शेजारी बसून कणसं चोळत राहिली. ती म्हणाली, "रुग्णाला पहिल्या औषधानं गुण आला नाही तर आपण घरी पाठवतो का?"

सकाळी मला गयाबाईनंच उठवलं. "भाऊ, चला. एक दाखवायचंय." धुकं नुकतं उचललं होतं. तिच्यामागं मी काठानं खालच्या बाजूला चालत गेलो. एका वळणावर ती थांबली आणि बोट केलं. पसरट उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. शेकड्यांनी असतील. मला चष्म्याशिवाय आधी नुसता गुलाबी पट्टा दिसला, मग तो पट्टा हलला, आणि त्यातले निम्मे उडाले. पंखांखालचा लाल रंग एकदम उघडा पडला आणि सगळं पाणी त्या रंगाचं झालं.

"दर साली येत्यात," गयाबाई म्हणाली. "चाकनला कुठं बघू मी हे?" तिनं ते साध्या आवाजात विचारलं, जणू मला त्याचं उत्तर माहीत असेल. मग वाळूवर उकिडवी बसली आणि बोटानं एक रेघ ओढली. "मी पन चुकले. उंची बघून मला वाटलं लाट आत येनार न्हाई. पन ती उंची आपल्यालाच घिऊन पडली."

मी तिच्या शेजारी बसलो. मी बूड आखलं, जुन्यापेक्षा हातभर रुंद. तिनं काठ खाली आणला. मी दोन्ही टोकांना बंद डब्यासारखे हवेचे कप्पे काढले, म्हणजे नाव उलटली तरी बुडू नये. तिनं पुढचं टोक पुसून वर उचलून काढलं, गाळात रुतू नये म्हणून. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिथंच होतो, खोडत आणि पुन्हा काढत. परतलो तेव्हा मला सपाटून भूक लागली होती. कालचा हुरडा मी गार गारच खाल्ला.

नाव पुन्हा टेम्पोत चढली. घोडेगावला तोच म्हातारा टपरीवर होता. या वेळी त्यानं फक्त माझ्यासाठी चहा सांगितला.

उन्हाळा

नाव अर्धी कापून पुन्हा जोडायला मला नवी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मधे गुढीपाडवा गेला, ईस्टर गेला. गयाबाईचे फोन यायचे. नाव कुठवर आली ते ती विचारायची नाही, शालिनीला द्या म्हणायची. मग दोघी दाजींच्या औषधाबद्दल बोलायच्या. एकदा शालिनीनं फोन ठेवला आणि सांगितलं, "संतोषनं खोली रंगवून घेतलीये. गयाबाई फार गप्प होत्या." त्यानंतर मी रोज शेडवर जायला लागलो.

आखिती आठवड्यावर आली तेव्हा आम्ही पोचलो. उन्हाळ्यातला संगम मला सगळ्यांत आवडला, हे सांगितलं तर तिथली माणसंसुद्धा चमकतात. पाणी मागं हटलेलं, आणि जिथं पावसाळ्यात झाड गरगरत होतं तिथं काळ्या गाळावर टरबुजांचे वेल पसरलेले. नदीच्या पोटात शेती. भेगाळलेल्या मातीत हिरवीगार टरबुजं लोळत होती. एका मळेवाल्यानं आमच्यासाठी एक मुठीनं फोडलं, सुरी नाहीच. कोपरापर्यंत रस ओघळला. मी उभ्या उभ्या नदीच्या मधोमध टरबूज खात होतो, डोक्यावर चैत्राचं ऊन, पायाखाली गार गाळ. मला वाटलं, सगळ्या नगरला इथं आणावं.

पाणी डोहापुरतं आणि खालच्या बाजूला उरलं होतं. नाव तिथपर्यंत न्यायला बैलगाडी लागली. या वेळी नारळ नव्हता, गर्दीही नव्हती. रंगनाथ मात्र चालत आला, सगळा गाळ तुडवत, वाटेत दोनदा थांबून. शालिनीनं त्याच्या बरोबरीनं पावलं टाकली.

नाव पाण्यात गेली. गयाबाई चढली. मग ती म्हणाली, "भाऊ," आणि मी पाय उचलला. नाव थोडी दबली आणि थांबली. मी दुसरा पाय आत घेतला. ती कलली नाही. मी एका काठावर बसलो, मग मुद्दाम दुसऱ्या काठावर. मग उभा राहिलो. गयाबाई मागून म्हणाली, "आता नाचता का?" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता, वल्हं धरलेलं होतं.

आम्ही एक फेरी मारून आलो. तिनं मला उतरवलं, जाळं आत घेतलं, आणि मी काहीतरी बोलणार तोवर ती निघालीसुद्धा. मला वाटलं ती हात करील, मागं बघेल. तिला आम्ही आठवतच नसू. खाली वाकून ती जाळ्याची गाठ सोडवत होती आणि निळी नाव सरळ पाणी कापत चालली होती. तिचं ते आम्हाला विसरून जाणं मला किती आवडलं, ते शब्दांत सांगता यायचं नाही.

रंगनाथचा मोबाईल वाजला. संतोष होता. त्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. गाडी ठरवू का म्हणून विचारत होता.

"गाडी कशाला?" रंगनाथ म्हणाला. एका दमात, न थांबता. "एस्टीनं ये. सुट्टी काढून ये. तुझी आई पान्यात गेलीया."

पलीकडं संतोष ओरडायला लागला.

"आरं बुडली न्हाई, मासं धराया गेलीया," रंगनाथ म्हणाला. "नवी नाव आलीया तिला. मी न्हाई येत आता. दम? बरा हाय दम. तिकडं दवाखाना हाय, ठावं हाय मला. नगरची बाई हाय इथं, ती बघती." शालिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि संतोषला नीट समजावून सांगितलं, औषध कोणतं, तपासणी किती दिवसांनी. पोरगा खूप वेळ प्रश्न विचारत होता. शेवटी त्याचा आवाज खाली आला.

आम्ही बाभळीच्या सावलीत बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा गयाबाई आली. जाळ्यात थोडी चिलापी होती आणि एक मरळ, काळी, हातभर लांब, अजून शेपटी आपटत होती. नाव गाळावर ओढून तिनं पदरानं तोंड पुसलं. मी उठून उभा राहिलो. आता ती काय म्हणेल याची मला एखाद्या परीक्षेच्या निकालासारखी उत्सुकता होती.

"नाव डावीकडं वढतीया," ती म्हणाली. "थोडी. मागनं काईतरी बसवाया पायजे."

मी नावेच्या मागं जाऊन वाकून बघितलं. तिचं खरं होतं, सुकाणूसारखं एक छोटं पातं जोडायला हवं होतं. मी बोटानं पत्र्यावर जागा दाखवली, तिनं ती जरा खाली सरकवली.

"कवा येता?" तिनं विचारलं.

मी शालिनीकडं पाहिलं. ती मरळ टोपलीत टाकत होती. "उद्याच आणा पत्रा," ती म्हणाली. "मी इथंच राहते."